बाजू नसलेली खुर्ची

९ जानेवारी

प्रिय ताई,

"तू माझ्याशी बोलते आहेस, की माझ्यावर सराव करते आहेस?"

हे तू विचारलंस तेव्हा मी संवाद केंद्रात मध्यस्थ म्हणून नुकतीच लागले होते. अजून तुमच्याकडेच राहत होते. तू ओट्याशी उभी राहून डबा भरत होतीस आणि दवाखान्यातल्या मदतनीस बाईवर चिडली होतीस. मी म्हणाले, "म्हणजे तिनं न सांगता सुट्टी घेतली, याचं तुला वाईट वाटलं, असं तुला म्हणायचंय का?" तू चमचा हातात तसाच धरून वळलीस आणि हे विचारलंस. मग तूच हसलीस. "लहानपणी माझं वाक्य न् वाक्य परत म्हणून मला रडवायचीस, तर आई तुला रट्टा घालायची. आता त्याचा पगार मिळतो होय तुला, पोपट?"

मीही हसले होते. उत्तर मात्र दिलं नव्हतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही, म्हणून कागद. काल टोस्ट चावताना खालच्या डाव्या दाढेत कट् असा आवाज झाला आणि जिभेवर खडा आला. तू भरलेली दाढ. डेंटल कॉलेजात तुझी परीक्षा होती, आयत्या वेळी तुझा पेशंट पळाला, आणि तू मला शाळेतून ओढून नेलंस. मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती, प्रत्येक खुर्चीशी एकेक घाबरलेला विद्यार्थी. तू माझ्या हनुवटीखाली रुमाल अडकवलास आणि म्हणालीस, "तोंड उघड आणि उघडंच ठेव. आज पहिल्यांदाच मी बोलणार आणि तुला परत म्हणता येणार नाही." मग दाढ भरून होईपर्यंत तुझी बडबड चालू होती. तुला भीती वाटत होती, म्हणून. परीक्षकांनी तुला बरे मार्क दिले आणि दाढ इतकी वर्षं टिकली.

तर विचारायचं एवढंच, की त्यात तू काय भरलं होतंस? नवीन डॉक्टर विचारतील.

त्या शनिवारबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही दोघं आपण होऊन आला होतात आणि मी माझं काम करत होते, एवढंच म्हणते. भाऊजींनी घर सोडल्याचं मला चिमणीकडून कळलं. तुझी लेक गुणी आहे, मावशीचा फोन अजून उचलते.

काळजी घे.

तुझी धाकटी

२४ जानेवारी

ताई,

पाकीट मिळालं. वर तुझं अक्षर पाहून मी ते जिन्यातच फाडलं. आत दुसऱ्या दंतवैद्यांचं कार्ड निघालं. बाकी काही नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काही असेल म्हणून मी ते दिव्याखाली धरून पाहिलं. हसू नकोस.

डॉक्टर चांगलेच असणार. तू रागातसुद्धा कुणाला वाईट डॉक्टरकडे पाठवायची नाहीस.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुम्ही आपण होऊन आला नव्हतात. तू फोन केला होतास, दोन पेशंटांच्या मध्ये. मागे पाण्याचा नळ चालू होता. तू म्हणालीस, "हा आठ-आठ दिवस माझ्याशी धड बोलत नाही गं. विचारलं तर 'काही नाही' म्हणतो. सगळ्या जगाची भांडणं मिटवतेस, तर ये आणि याचे जरा कान उपट." मी यायला हवं होतं. चहा प्यायला हवा होता, भाऊजींना दोन शब्द सुनवायला हवे होते, आणि ते उठून बाल्कनीत गेल्यावर आपण दोघींनी मिळून त्यांच्या नावानं बोटं मोडायला हवी होती. तुला तेवढंच हवं होतं.

मी म्हणाले, "ताई, असं घरी नको. तुम्ही दोघं केंद्रात या. रीतसर बसू."

स्वतःच्या नातेवाइकांची प्रकरणं आम्ही घेत नाही. तसा नियमच आहे. मी तो मोडला, आणि का मोडला ते सांगते. तू माझं काम कधी पाहिलं नव्हतंस. चार लोकांत "माझी बहीण गप्पा मारायचा पगार घेते" असं म्हणायचीस, प्रेमानंच म्हणायचीस. मला तुला दाखवायचं होतं.

ती खोली तुला आवडली नाही, हे मला आत येतानाच दिसलं. तीन खुर्च्या, तिन्ही सारख्या उंचीच्या, गोल टेबल, टेबलावर कागदी रुमालांची पेटी. कोपऱ्यातल्या झाडाचं पान तू चिमटीत धरून पाहिलंस आणि म्हणालीस, "हेपण खोटंच." भाऊजी लिफ्ट-दुरुस्तीवरून कामाच्या कपड्यांतच आले होते, बोटांना वंगण होतं. ते खुर्चीच्या हातांना न शिवता बसले.

तू बसायच्या आधी माझी खुर्ची आपल्या खुर्चीकडे ओढलीस. "तू माझ्या बाजूला बस ना."

"ताई," मी म्हणाले, "इथे बाजू नसते."

हे वाक्य मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. त्यांना बरं वाटतं ते ऐकून. तू खुर्चीवरचा हात काढून घेतलास.

मग मी नियम सांगितला. एकानं बोलायचं. मी ते माझ्या शब्दांत परत सांगायचं. बोलणारा "हो, हेच" म्हणेपर्यंत दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही. तू म्हणालीस, "कळलं. दातावर कॅप बसवतात तसं. बसेपर्यंत घासत राहायचं." भाऊजी हसले होते. तुला ते दिसलं होतं का? मला दिसलं होतं. तिथेच थांबलो असतो तर त्या दिवशी तुम्ही दोघं हसत घरी गेला असतात, असं मला आता वाटतं.

आधी तू बोललीस. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघत बोलते. तिथे कुणी उत्तर देत नाही, ते समजू शकते, तोंडात माझी बोटं असतात. पण घरी येऊनही मी भिंतीशीच बोलायचं? फरक एवढाच, की भिंत आपलं ताट उचलून ठेवत नाही, हा ठेवतो." मी ते परत सांगितलं: तुला घरात एकटं वाटतं आणि दखल हवी आहे. तू म्हणालीस, "हो, तेच. पण तू इतकं गुळगुळीत केलंस, की त्यात माझं काही उरलं नाही."

मग भाऊजी. तुला माहीतच आहे ते कसे बोलतात. "मी घरी येतो तेव्हा… तिचं काही चुकतं असं नाही. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात एकटाच असतो. वर आलो, की मग घर… ती असली, की… आणि नसली, की…"

आणि ते थांबले.

तू त्यांच्याकडे बघत होतीस. मला वाटतं, तू थांबली असतीस. आयुष्यात पहिल्यांदाच तू काही न बोलता वाट बघत होतीस. थांबले नाही ती मी.

मी म्हणाले, "ती घरात असली, की तुम्हाला तुमची अशी जागा उरत नाही. आणि ती नसली, की तिची उणीव भासत नाही. असं म्हणायचंय का तुम्हाला?"

अडकलेल्या लिफ्टचं दार बोटभर उघडावं आणि आतल्या माणसानं तिकडे तोंड करावं, तसे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हेच असेल."

तू पर्स उचललीस. "झालं? पुढच्या पेशंटला बोलव." दार आपटलं नाहीस. हळूच लावलंस, दवाखान्याचं लावतेस तसं.

मी तुझ्या मागे आले नाही. सत्र चालू असताना मध्यस्थानं खोली सोडायची नाही, असा नियम आहे. मी भाऊजींना पाणी दिलं.

तो नियम मात्र मोडावासा वाटला नाही मला.

१२ फेब्रुवारी

ताई,

चिमणी म्हणाली, आई पत्रं वाचते. "कशावरून?" मी विचारलं. म्हणाली, "वाचून झाल्यावर कुणाशी तरी भांडते. परवा पेपरवाल्याशी भांडली." मला बरं वाटलं. पेपरवाल्याची माफी माग माझ्यातर्फे.

दाढेत गरम काही गेलं, की कळ थेट कानात जाते. मी उजवीकडूनच चावते. कार्ड पर्समध्ये आहे. गेले नाही अजून.

आज कामाबद्दल लिहायचं आहे. तू आता म्हणशील, घ्या, सुरू झाली. पण ऐक.

गेल्या वर्षी आमच्या केंद्राला एका कंपनीचं मोठं काम मिळालं होतं. तिथल्या सगळ्या विभागप्रमुखांना ऐकायला शिकवायचं. मी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत ते एकमेकांवर सराव करायचे, "म्हणजे तुला असं म्हणायचंय का, की तुला आणखी एक समोसा हवाय?" छान हसायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पुष्पगुच्छ दिला.

परवा तिथल्या हिशेब विभागातल्या एक बाई केंद्रात आल्या. तक्रार नव्हती, म्हणाल्या, इथून जात होते, पाटी दिसली. कंपनीनं बरीच माणसं कमी केली, त्यात त्या गेल्या. त्यांच्या प्रमुखांनी त्यांना खोलीत बोलावलं, पाणी दिलं, फोन उलटा ठेवला आणि त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला वाटतंय, की इतकी वर्षं दिल्यावर हा अन्याय आहे. मी बरोबर समजलो का?" बाई म्हणाल्या, "हो, हेच." "मी ते ऐकलं," ते म्हणाले, आणि कागद पुढे सरकवला.

"आधीचे साहेब शिव्या द्यायचे," बाई मला म्हणाल्या. "त्यांच्याशी भांडता यायचं. हे इतकं समजून घेतात, की भांडायला जागाच नाही. मी सही करून त्यांचे आभार मानून आले. आभार! माझ्या नवऱ्यानं विचारलं, कशाबद्दल? तर मला सांगता येईना."

मी काय केलं असेल, सांग. मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की…"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगंबाई," म्हणाल्या, "ते तुमच्याकडेच शिकले होय!"

त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या गोल टेबलाशी बसले. आम्हाला हे काम शिकवणारे सर म्हणायचे, संवाद झाला की नाही हे ओळखायची एकच खूण आहे, उठताना दोघांपैकी निदान एकजण तरी थोडा बदललेला असतो. मी हे वर्गात सांगते. त्या खोलीत माझ्यासमोर किती माणसं रडली, भांडली, एकमेकांचे हात धरून बाहेर पडली. मी दर वेळी बसले होते तशीच उठले. तेच माझं कौशल्य समजलं जातं. कुणाचं काही आपल्याला लागू द्यायचं नाही. मला वाटायचं, मी आरसा आहे. आरशाला काय, समोरचा गेला की तो रिकामा.

पण तसंही नाही, ताई. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माणूस अडखळत बोलत असतो, आणि त्याला नेमकं काय म्हणायचंय ते माझ्या डोक्यात तयार होतं, तेव्हा मला फार आनंद होतो. शब्दकोड्यातला शेवटचा शब्द सुटावा तसा. त्या शनिवारीही झाला. भाऊजी "नसली, की…" म्हणून थांबले आणि माझ्याकडे ते वाक्य आलं, दोन्ही बाजू सारख्या, वजनदार. मी ते बोलले तेव्हा माझं लक्ष तुझ्याकडे होतं. तुझ्या चेहऱ्याकडे मी कशासाठी बघत होते, माहीत आहे? तुला ते वाक्य आवडलं का, हे बघत होते.

आज इथेच थांबते. पुढचं लिहवत नाही.

३ मार्च

ताई,

भाऊजी भेटले. मी मुद्दाम भेटले नाही, ते आधी सांगते.

आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती. सकाळी मी जिना चढत होते तर वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं, आडवी पट्टी लावलेली, आणि आत खाली एक टॉर्च हलतोय. मी वाकून पाहिलं तर ते. कंपनीनं त्यांनाच पाठवलं होतं.

"पडशील," ते खालून म्हणाले. "मागे हो."

काही वेळानं ते वर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून हात पुसायला लागले. मीही वरच्या पायरीवर बसले. ते वाळले आहेत. शर्टाचं एक बटण दुसऱ्याच रंगाचं होतं. त्यांनी ते स्वतः लावलं असणार.

मी विचारलं, "कसे आहात?"

"आहे." मग, "तुझी ताई?"

"माझ्याशी बोलत नाही ती."

"हं. माझ्याशीपण नाही."

वरून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट कधी सुरू होणार? "होईल," भाऊजी ओरडले. मग पुसलेले हात पुन्हा पुसत म्हणाले, "ते वाक्य तू म्हणालीस ना. मी खोलीवर गेलो आणि पुष्कळ वेळा म्हणून पाहिलं. मला ते… बसत नाही."

"मग तुम्ही 'हेच असेल' का म्हणालात?"

"तू इतकं नीट म्हणालीस. मला कधी इतकं नीट बोलता आलं नाही. वाटलं, तू शिकलेली आहेस यातली, तुला कळत असेल मला काय होतंय ते. आणि मग ती उठून गेली. म्हटलं, आता कुठल्या तोंडानं राहायचं? आपणच म्हणालो ना, उणीव भासत नाही."

मी विचारलं, "मग तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

ते जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. ताई, मी शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्या तोंडात निदान तीन वाक्यं तयार झाली होती. चांगली वाक्यं. मी दाढ घट्ट दाबली. कळ डोळ्यांपर्यंत गेली.

ते म्हणाले, "ती जेवताना दातांबद्दल बोलते. कुणाची दाढ किडली, कुणाची अक्कलदाढ आडवी आली. जेवताना. किळस यायची मला. आता जेवताना भांड्यांचा आवाज येतो नुसता. मी… ती असली, की…"

आणि पुन्हा तिथेच थांबले. त्याच जागी. मी वाट पाहिली. एक शाळकरी मुलगी आमच्या मधून दप्तर सावरत खाली गेली. ते उठले, टॉर्च घेतला. "लिफ्ट होईल दुपारपर्यंत," म्हणाले आणि खाली उतरले.

म्हणजे त्यांचं वाक्य अजून अर्धंच आहे. ते जसं म्हणाले तसंच मी वर लिहिलं आहे, एक शब्द माझा घातलेला नाही. याचा अर्थ काय, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल. तू त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिलीस.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. कारण हे लिहिलं, की पुढचा प्रश्न तू विचारणारच. तू हुशार आहेस. ते वाक्य त्यांचं नव्हतं, तर कुणाचं होतं?

१७ मार्च

प्रिय ताई,

माझं होतं.

चौदा दिवस मी याचं उत्तर दुसरं काही निघतंय का ते पाहिलं. व्यवसायातली चूक, घाई, दाखवायची हौस, सगळं खरं आहे, पण त्यामुळे फार तर ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर आलं. आत ते आधीपासून होतं.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि तू नुकती दवाखाना थाटत होतीस. तू मला उचलून आपल्या दोन खोल्यांत आणलंस. भाऊजींशी तुझं लग्न ठरलं तेव्हा तू त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलंस, "माझ्याबरोबर हीपण येईल, दाढेसारखी, काढता यायची नाही." माझ्या फिया, माझे चष्मे, माझं पहिलं प्रेम मोडलं तेव्हा त्या मुलाच्या घरी जाऊन केलेला तमाशा, सगळं तू केलंस. आणि सगळं करताना तू बोलत होतीस. मी अभ्यास करायचे, तू बोलायचीस. मी न्हाणीघरात असायचे, तू दाराबाहेरून बोलायचीस. मला काय वाटतंय ते मला कळायच्या आत तू ते सांगून मोकळी व्हायचीस. "तुला भूक लागलीय." "तुला तो आवडत नाहीये, उगाच म्हणतेस." आणि बहुतेक वेळा तुझं बरोबर असायचं. तेच असह्य व्हायचं.

मी स्वतःची जागा घेतली तेव्हा तू रडलीस, पडदे शिवून दिलेस, फ्रीज भरून दिलास. तू जिना उतरलीस आणि मी दार लावून जमिनीवर बसले. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला वाटलं, दोन दिवसांनी तुझी आठवण येईल. आली नाही. आठवडा गेला, महिना गेला. तू फोन करायचीस तेव्हा मी "तुझी खूप आठवण येते गं" असं म्हणायचे. ते तुझंच वाक्य असायचं. मी फक्त परत म्हणत होते.

ताई असली, की मला जागा उरत नाही. नसली, की उणीव भासत नाही. इतकी वर्षं मी हे कधी शब्दांत मांडलं नव्हतं. भाऊजी अडखळले, आणि मला ते त्यांच्या तोंडी घालायची संधी मिळाली. मी तुला सांगू शकत नव्हते ते मी तुझ्या नवऱ्याच्या नावावर तुला ऐकवलं. वर बाजू नसते, असंही म्हणाले. होती ना बाजू. मी त्या खोलीत बसले होते ती तुझ्याविरुद्धच्या बाजूला.

मी ऐकण्याचं काम का निवडलं, असं मला मुलाखतीत विचारतात तेव्हा मी तुझी गोष्ट सांगते. बोलक्या बहिणीच्या घरात वाढले, म्हणून ऐकायला शिकले. लोक हसतात. खरं असं आहे, की मी तुझं ऐकत नव्हते. मी तुझं बोलणं संपायची वाट बघत होते, आणि ते करताना चेहरा कसा ठेवायचा हे शिकले होते. त्याचीच मला नोकरी मिळाली.

आता तू म्हणशील, आज सांगून काय उपयोग? उणीव आता भासते का, हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर ते वाक्य छान होईल आणि तू मला विचारशील, की बोलतेस की सराव करतेस? तो प्रश्न तू विचारलास त्याला खूप वर्षं झाली. उत्तर असं, की सराव करत होते, ताई. पत्रं लिहितानासुद्धा थोडा करत असेन. पत्रात सोय असते. मी एकटीच बोलते, तू मध्ये येत नाहीस.

भाऊजींशी बोल, असं मी सांगणार नाही. ती पुन्हा मध्यस्थी होईल. ते तुझं आणि त्यांचं. फक्त ते वाक्य त्यांच्या नावावर ठेवू नकोस. ते माझ्या नावावर टाक. त्याचं जे काही करायचं असेल, ते माझ्याशी कर.

आणि एक मागणं आहे.

तू पाठवलेल्या डॉक्टरांकडे मी काल शेवटी जाऊन आले. भला माणूस आहे. दाढेत पाहून म्हणाला, "हे कुणी भरलं होतं? फार मन लावून भरलेलं दिसतंय, कडा अजून शाबूत आहेत." मी म्हणाले, एका विद्यार्थिनीनं. त्यानं तात्पुरतं काहीतरी लावून दिलं आहे, पंधरा दिवस टिकेल म्हणाला. मी पुढची वेळ घेतली नाही.

मला तुझ्या खुर्चीत अर्धा तास दे. बहीण म्हणून नको, पेशंट म्हणून दे. सगळ्यात शेवटची वेळ दे, मदतनीस बाई गेल्यावर. मी हनुवटीखाली रुमाल अडकवून तोंड उघडं ठेवून पडून राहीन. तू माझ्या तोंडात दोन्ही हात घालून बोल. शिव्या दे, आईचं काढ, पडद्यांचं काढ, भाऊजींचं काढ, काय वाटेल ते बोल. दुखलं तरी चालेल, भूल देऊ नकोस. मला काहीही परत म्हणता येणार नाही. तुझं बोलणं मी एकदा तरी नुसतं ऐकेन, आणि ऐकलं की नाही ते तुला माझ्या डोळ्यांत बघून ठरवता येईल. दिवा तुझ्या हातात असतो.

तू नाही म्हणशील. आणखी एक कार्ड पाठवशील, कोरं, मागे काही न लिहिलेलं. मला माहीत आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर कार्डसुद्धा पाठवलं नसतं.

तरी विचारते आहे. देशील का?

पोपट